मते मागून न्यायासनावर : फ्लॉरेन्स ॲलन

राज्यशास्त्राच्या आपल्या पाठ्यपुस्तकात न्यायमंडळावर एक प्रकरण असते. त्यात न्यायाधीश नेमण्याच्या तीन पद्धती दिलेल्या असतात : कार्यकारी मंडळाने नेमावे, विधिमंडळाने निवडावे, किंवा जनतेने मतदान करून निवडून द्यावे. तिसऱ्या पद्धतीच्या वाट्याला फार तर अर्धे पान येते आणि त्यातही गुण एक नि दोष पाच असा हिशेब असतो. मते मागणारा न्यायाधीश लोकानुनय करील, पक्षाच्या मेहेरबानीवर जगेल, विद्वान मागे पडतील, वाचाळ पुढे सरतील वगैरे. परीक्षेत प्रश्न आला की आपण सारे हेच लिहितो आणि मार्कही मिळतात. ही पद्धत अमेरिकेतील काही राज्यांत आहे, एवढे एक वाक्य शेवटी येते. परंतु त्या राज्यांत प्रत्यक्ष कोण उभे राहिले, लोकांनी त्यांना का निवडले आणि निवडून आल्यावर त्यांनी केले काय, याचा पत्ता त्या अर्ध्या पानात लागत नाही.

तो पत्ता मला एका चरित्रात लागला, आणि ते चरित्र आपल्यासारख्याच कलाशाखेच्या एका विद्यार्थिनीचे आहे. फ्लॉरेन्स एलिनवुड ॲलन हे तिचे नाव. अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आलेली ती पहिली स्त्री. साल १९२२. तिच्या देशातील सगळ्या स्त्रियांना मताचा हक्क मिळून तेव्हा पुरती सव्वादोन वर्षे झाली होती.

तिचा जन्म २३ मार्च १८८४ चा, यूटा प्रांतातील सॉल्ट लेक सिटीचा. वडील क्लॅरेन्स ॲलन हे ग्रीक-लॅटिनचे पंडित. प्रकृतीच्या कारणाने पश्चिमेकडच्या कोरड्या हवेत येऊन राहिले, खाणींच्या धंद्यात शिरले आणि पुढे राजकारणात. यूटाला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये त्या राज्याचे पहिले प्रतिनिधी तेच होते. मुलांना ग्रीक आणि लॅटिन त्यांनी घरीच शिकवले. या बालपणातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. यूटात स्त्रियांना १८७० सालीच मताधिकार मिळाला होता. १८८७ साली काँग्रेसने तो काढून घेतला आणि १८९६ साली राज्य झाल्यावर तो परत आला. म्हणजे बाई मत देते ही या मुलीच्या दृष्टीने नवलाई नव्हती. दिलेला हक्क सरकार काढूनही घेऊ शकते, हेही तिच्या घराच्या आसपासच घडून गेले होते.

कायदा हे तिचे पहिले प्रेम नव्हे. तिला पियानोवादक व्हायचे होते. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या स्त्रियांच्या महाविद्यालयातून ती १९०४ साली पदवीधर झाली आणि संगीत शिकण्यासाठी बर्लिनला गेली. तेथे हाताच्या नसेला दुखापत झाली आणि मैफिलीचा पियानो संपला. परतल्यावर तिने क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ या दैनिकात संगीतसमीक्षकाची नोकरी धरली. त्याच काळात राज्यशास्त्र घेऊन ती १९०८ साली एम. ए. झाली. तेथे कायद्याची गोडी लागली. परंतु तिच्याच विद्यापीठाचे कायदे महाविद्यालय त्या वेळी स्त्रियांना प्रवेश देत नव्हते. मग एक वर्ष शिकागोला, आणि पुढे न्यूयॉर्कला, असे करीत १९१३ साली तिने कायद्याची पदवी मिळवली. न्यूयॉर्कमध्ये पोटासाठी ती संगीतावर व्याख्याने देत असे. पियानो गेला तरी व्याख्यानाला उभे राहण्याची सवय राहिली, आणि ती पुढे कामास आली.

कारण १९१२ साली ओहायोत राज्यघटनेच्या दुरुस्त्यांवर लोकमत घ्यायचे होते आणि त्यात स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती होती. फ्लॉरेन्स तेव्हा विद्यार्थिनीच होती. ती प्रचाराला निघाली. ओहायोत जिल्हे ८८, आणि या सर्व ८८ जिल्ह्यांत तिने भाषणे केली. आगगाडीने, ट्रॉलीने, गावच्या चौकात, जत्रेत, जिथे माणसे जमतील तिथे. दुरुस्ती पडली. १९१४ साली पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा पडली. त्याच वर्षी तिला ओहायोत वकिलीची सनद मिळाली होती. आता सभेचा रस्ता बंद दिसतो तर कोर्टाचा रस्ता पाहावा, असा विचार चळवळीत सुरू झाला. क्लीव्हलंडला लागून ईस्ट क्लीव्हलंड नावाचे छोटे शहर आहे. त्याने आपल्या सनदेत स्त्रियांना नगरपालिकेपुरता मताधिकार देऊन टाकला. शहराला असा अधिकार आहे का, हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. स्त्रियांच्या बाजूने ॲलनबाई उभ्या राहिल्या आणि १९१७ साली त्यांनी तो खटला जिंकला. ज्या न्यायालयापुढे त्या त्या दिवशी उभ्या होत्या त्याच न्यायालयात साडेपाच वर्षांनी त्या बसणार होत्या. ही गोष्ट त्या वेळी कुणी बोलून दाखवली असती तर लोक हसले असते.

येथे ओहायोच्या पद्धतीबद्दल थोडे सांगणे भाग आहे, नाही तर पुढचे कळणार नाही. १८५१ च्या राज्यघटनेपासून तेथे लहानमोठे सर्व न्यायाधीश लोक निवडतात. राज्याचे सर्वोच्च न्यायालय म्हणजे सात न्यायाधीश, मुदत सहा वर्षे. आपल्याकडच्या हायकोर्टासारखे समजावे, खालच्या कोर्टांतील अपिले ऐकणारे. १९११ साली तेथे आणखी एक कायदा झाला : अखेरच्या निवडणुकीत न्यायाधीशपदाच्या उमेदवारापुढे मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापायचे नाही. पक्ष आपापले उमेदवार ठरवीतच, पण मतदाराच्या हातातील कागदावर फक्त माणसाचे नाव. हेतू हा की न्यायासनाला पक्षाचा वास येऊ नये. परिणाम मात्र वेगळा झाला. नुसते नाव वाचून शिक्का मारायचा तर ते नाव आधी ऐकलेले हवे. बहुतेक वकिलांची नावे कोर्टाच्या आवाराबाहेर कुणाला ठाऊक नसतात. ॲलन हे नाव ८८ जिल्ह्यांनी ऐकलेले होते.

ऑगस्ट १९२० मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेची एकोणिसावी दुरुस्ती मंजूर झाली आणि सर्व राज्यांतील स्त्रियांना मताधिकार मिळाला. ॲलनबाई तेव्हा क्लीव्हलंडच्या जिल्ह्यात सहाय्यक सरकारी वकील होत्या. पक्षांच्या प्राथमिक निवडणुका उरकून गेल्या होत्या. तेव्हा एकच मार्ग उरला, मतदारांच्या सह्यांचा अर्ज करून स्वतंत्रपणे उभे राहणे. चळवळीतील बाया सह्या गोळा करायला घरोघर गेल्या. २ नोव्हेंबरला मतदान झाले आणि ॲलनबाई जिल्ह्याच्या ‘कोर्ट ऑफ कॉमन प्लीज’वर मोठ्या मताधिक्याने निवडून आल्या. हक्काच्या घोषणेपासून सव्वादोन महिने! ज्यांनी मते दिली त्यांतील हजारो बायांनी आयुष्यात पहिल्यांदाच मतपत्रिका हातात धरली होती.

न्यायालयातील सहकाऱ्यांनी त्यांचे स्वागत कसे केले ते मजेशीर आहे. त्यांनी ठरवले की नव्या बाईंकडे घटस्फोटाचे सगळे दावे सोपवावेत, बाईमाणसाला ते बरे जमेल. ॲलनबाईंनी नकार दिला. आपले लग्नच झालेले नाही, तेव्हा या विषयातला अनुभव इथे जमलेल्या विवाहित पुरुषांनाच अधिक आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तो कुणाला खोडता आला नाही. बाईंकडे इतरांसारखेच सर्व प्रकारचे खटले आले, आणि त्यांत खुनाचेही आले.

१९२० च्या अखेरच्या दिवशी क्लीव्हलंडमध्ये एका कारखान्याच्या पगाराची रक्कम लुटताना दोघांचा खून झाला होता. त्या प्रकरणातील आरोपी फ्रँक मोटो याचा खटला १९२१ साली ॲलनबाईंपुढे चालला. ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि दयेची शिफारस केली नाही. ओहायोच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अशा वेळी न्यायाधीशाला निवड उरत नसे, देहदंड द्यावाच लागे. बाईंनी तो दिला. स्त्री न्यायाधीशाने देहदंड सुनावण्याचा अमेरिकेतला हा पहिला प्रसंग मानतात. धमकीची पत्रे आली, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी तो प्रसंग रंगवून छापला.

या प्रसंगापाशी मी अडखळतो. दीड वर्षाने याच बाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे नाव घराघरांत गेलेले होते, आणि त्या प्रसिद्धीत या शिक्षेचा वाटा होता हे नाकारता येत नाही. बाई मऊ मनाची असते, तिला न्यायदान झेपणार नाही, हा आक्षेप एका माणसाच्या देहदंडाने पुसला गेला. यात बाईंचा दोष नाही. शिक्षा कायद्याने बांधलेली होती, ती मतांसाठी दिलेली नव्हती. तरीही आपल्या पुस्तकातील पाच दोषांपैकी पहिला येथे दाराशी उभा आहे हे मान्य केले पाहिजे. ज्याला पुन्हा मते मागायची आहेत अशा न्यायाधीशाचा कडक निकाल आणि सौम्य निकाल बाहेरच्या जगात सारखे मोजले जात नाहीत. आणि पैशाचे काय? २००४ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार निवडून आला आणि त्याच कंपनीच्या अपिलात, बाजूला होण्यास नकार देऊन, कंपनीच्या बाजूने मत देऊन मोकळा झाला. २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे गैर ठरवले, तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मताने. तेव्हा पुस्तक खोटे बोलत नाही. फक्त ते दुसरी बाजू पाहत नाही, आणि ती बाजू १९२२ साली दिसली.

१९२२ सालच्या निवडणुकीत दोन्ही मोठे पक्ष बाईंच्या मागे नव्हते. पुन्हा सह्यांचा अर्ज, पुन्हा मताधिकार-चळवळीतील जुन्या कार्यकर्त्या. दहा वर्षांपूर्वी हरलेल्या लढाईत प्रत्येक गावात कोण बाई सभेची व्यवस्था करते, कुणाच्या घरी उतरता येते, याच्या याद्या तयार झाल्या होत्या. त्याच याद्या आता उपयोगी पडल्या. जिल्ह्याजिल्ह्यांत ॲलनबाईंच्या नावाची मंडळे निघाली. एक विचार करून पाहा, न्यायाधीशाच्या उमेदवाराने सभेत बोलायचे काय? आमदारकीचा उमेदवार रस्ता देतो, पाणी देतो, शाळा देतो. न्यायाधीशाला कशाचेच वचन देता येत नाही. दिले तर तो त्या क्षणी अपात्र. त्याच्यापाशी सांगण्यासारखे असते ते मागचे काम. ते बाईंपाशी होते. पन्नास हजारांच्या आसपास मताधिक्याने त्या निवडून आल्या आणि जानेवारी १९२३ मध्ये कोलंबस येथे सात न्यायाधीशांत जाऊन बसल्या.

हे साल आपल्याही ध्यानात राहावे. १९२३ सालीच आपल्या देशात कायदा होऊन स्त्रियांना वकिली करण्याची आडकाठी दूर झाली. नाशिकमध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी त्यापूर्वी तीस वर्षे ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती, पण कोर्टात रीतसर वकील म्हणून उभे राहण्यासाठी त्यांना या कायद्याची वाट पाहावी लागली. आपल्याकडे हायकोर्टाच्या न्यायासनावर पहिली स्त्री, अन्ना चांडी, १९५९ साली केरळात आली. मुंबई हायकोर्टात सुजाता मनोहर १९७८ साली आल्या. आपल्या न्यायाधीशांना मते मागावी लागत नाहीत, आणि लागावीत असे माझे म्हणणे नाही. परंतु निवडणाऱ्यांची खोली जितकी लहान, तितका तिथे नवा चेहरा शिरायला वेळ लागतो, असे मला ही साले पाहून वाटते. ओहायोतील नामांकित वकिलांच्या एखाद्या समितीने १९२२ साली बंद खोलीत बसून सात नावे काढली असती तर त्यांत ॲलनबाईंचे नाव असते का? मला नाही वाटत.

सर्वोच्च न्यायालयातील त्यांच्या निकालांत क्लीव्हलंड शहराच्या कारभाराचा १९२३ सालचा निकाल प्रसिद्ध आहे. शहराने नगराध्यक्षाऐवजी पगारी व्यवस्थापक नेमून कारभार चालवायचे आणि नगरसेवक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने निवडायचे ठरवले होते. तो बदल न्यायालयाने वैध ठरवला. निकालपत्र ॲलनबाईंचे होते. प्रमाणशीर प्रतिनिधित्वावर टीप लिहिताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही. १९२८ साली मुदत संपली तेव्हा त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि या वेळी मताधिक्य साडेतीन लाखांच्या घरात गेले.

मधल्या काळात एक गंमत झाली. १९२६ साली त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षातर्फे सिनेटची उमेदवारी मागितली, प्राथमिक निवडणुकीत हरल्या. १९३२ साली प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या, हरल्या. त्याच राज्याचे मतदार, तीच बाई. न्यायाधीश म्हणून लाखांनी मते, कायदे करायला मात्र नको! लोक सरसकट नावावर शिक्का मारतात असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. पक्षाचे चिन्ह कपाळी लावून आलेली ॲलनबाई त्यांना वेगळी दिसली, असा माझा तर्क आहे.

१९३४ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांची केंद्राच्या सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयावर नेमणूक केली. ओहायो, मिशिगन, केंटकी आणि टेनेसी ही चार राज्ये त्या न्यायालयाखाली येतात. या दर्जाच्या केंद्रीय न्यायालयात बसलेली ही पहिली स्त्री. आता मते मागायची गरज उरली नाही, नेमणूक तहहयात. पण येथील सहकाऱ्यांना मतदारांइतका उत्साह नव्हता. दुपारी न्यायाधीश मंडळी जेवायला ज्या क्लबात जात तिथे स्त्रियांना प्रवेश नसे. बाई वेगळ्या जेवत. वर्षानुवर्षे.

या काळातील त्यांचा सर्वांत गाजलेला खटला टेनेसी खोरे प्राधिकरणाचा, म्हणजे टी. व्ही. ए. चा. नदीवर धरणे बांधून सरकारने वीज विकावी काय, असे म्हणत खाजगी वीज कंपन्या एकजुटीने कोर्टात गेल्या होत्या. तीन न्यायाधीशांच्या खास न्यायालयात अध्यक्षस्थानी ॲलनबाई होत्या. सुनावणी कित्येक आठवडे चालली, आणि जानेवारी १९३८ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कंपन्या पुन्हा हरल्या. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे नाव परके नाही. आपले दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली याच टी. व्ही. ए. च्या नमुन्यावर उभे राहिले. धरणांचे चित्र आपण वहीत काढतो. त्या धरणांच्या वैधतेवर पहिली मोहर उठवणारा हात कुणाचा होता, हे त्या चित्राखाली कुणी लिहीत नाही.

आता फक्त एक पायरी राहिली होती, वॉशिंग्टनचे सर्वोच्च न्यायालय. तेथे निवडणूक नाही, राष्ट्राध्यक्षाने नाव द्यायचे. रूझवेल्टच्या काळात त्यांचे नाव अनेकदा चर्चेत आले आणि मागे पडले. १९४९ साली दोन जागा रिकाम्या झाल्या तेव्हा स्त्रियांच्या संघटनांनी ट्रूमन यांच्याकडे ॲलनबाईंचा आग्रह धरला. ट्रूमन प्रतिकूल नव्हते असे म्हणतात. परंतु न्यायालयातील मंडळींचा कल विचारला गेला आणि तो नकाराचा निघाला. बाई आली की मोकळेपणाने बसता-बोलता येणार नाही, ही त्यांची अडचण. एकही कायदेशीर मुद्दा नाही! पंधरा वर्षे अपील न्यायालयात काढलेल्या न्यायाधीशाबद्दल हा आक्षेप होता. त्या दोन जागांवर टॉम क्लार्क आणि शर्मन मिंटन यांच्या नेमणुका झाल्या. ओहायोतील शेतकऱ्यांच्या बायकांनी आणि क्लीव्हलंडच्या कामगारांनी १९२२ साली जो विचार केला, तो वॉशिंग्टनच्या विद्वानांना १९४९ सालीही झेपला नाही.

१९५८ साली ॲलनबाई आपल्या विभागाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. अशा न्यायालयाचे मुख्यपद स्त्रीकडे जाण्याची तीही पहिलीच वेळ. दुसऱ्या वर्षी त्या नियमित कामातून बाजूला झाल्या. १९६५ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १२ सप्टेंबर १९६६ रोजी ओहायोतच त्यांचे निधन झाले. वय ८२.

केंद्रीय अपील न्यायालयावर दुसरी स्त्री, शर्ली हफस्टेडलर, १९६८ साली नेमली गेली. म्हणजे चौतीस वर्षे ॲलनबाईंच्या जोडीला कुणीच आली नाही. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात सँड्रा डे ओ'कॉनर १९८१ साली आल्या. ॲरिझोना राज्यात त्यांनीही न्यायाधीशपदासाठी एकदा लोकांपुढे जाऊन मते मागितली होती. ओहायोत आजही न्यायाधीश निवडूनच येतात. मात्र २०२१ साली तेथे नवा कायदा झाला, आणि २०२२ पासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आणि अपील न्यायालयांच्या उमेदवारांपुढे मतपत्रिकेवर पक्षाचे नाव पुन्हा छापले जाऊ लागले.